पापण्यांवरचं ऊन आणि व्याह्यांची छत्री

॥ जय सेवालाल ॥

वसरामनाईक तांडा, तालुका औंढा नागनाथ
माघातला बुधवार, सकाळी, ओसरीच्या सावलीत बसून

आदरणीय व्याहीबुवा फुलसिंगजी चव्हाण यांना देविदास राठोड याचा खाली वाकून रामराम. (डॉक्टरांनी बरेच दिवस खाली वाकू नका म्हणून बजावलं होतं. ती मनाई परवाच उठली, म्हणून पत्राला उशीर. न वाकता रामराम घातला असता तर आपण त्याचाही वेगळा अर्थ काढला असता.)

आपली तब्येत कशी आहे? गुडघा कसा आहे? वारंगा फाट्यावरून आणलेलं ते तेल लागू पडलं की त्याचा नुसता वासच घरभर फिरतो आहे? विहीणबाईंचा खोकला थांबला का? आपली कपिली गाय व्याली आणि कालवड झाली हे सुदाम जावयांकडून कळलं. आनंद झाला. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत. आपली सून निता चांगली आहे, नातू तर फारच चांगला आहे, आणि माझी आई जमनाबाई, जिला आपण लग्नात 'ही बाई आपल्या सगळ्यांना पोचवून येईल' म्हणाला होतात, ती अजून त्याच तयारीत आहे.

पत्र पाहून आपल्याला नवल वाटलं असेल. फोन मी करून पाहिला. दोनदा केला. दोन्ही वेळा आपण 'हं' म्हणालात आणि रेंज गेली. आपल्या तांड्यावर रेंजची तकलीफ आहे हे मला मान्य आहे, पण ती बाकी सगळ्यांना पुरते आणि माझ्या फोनला नेमकी त्या 'हं'नंतरच कशी जाते हे कळत नाही. पत्राचं बरं असतं. ते मधेच कट होत नाही. माणसानं रागानं उशाखाली सारलं तरी रात्री कूस बदलताना ते कुरकुरतं आणि शेवटी बाहेर काढून वाचावंच लागतं. (घरी आपण सगळे गोरमाटीच बोलतो, पत्रही गोरमाटीत लिहायला हवं होतं. पण आयुष्य पाटबंधारे खात्याचे अर्ज मराठीत वाचण्यात गेलं, कागद समोर आला की हात मराठीतच वळतो. गोड मानून घ्यावं.)

तर मुद्द्यावर येतो. मुद्दा आपल्या छत्रीचा आहे. आपल्या वडिलांनी हैदराबादहून आणलेली ती मोठी काळी छत्री, लाकडी मुठीची, जिच्याखाली चार माणसं आणि एक वासरू सहज उभं राहील, आणि जी निताच्या लग्नाच्या एकूण एक फोटोत नवरदेवापेक्षा ठळक आली आहे, ती मला काही महिने उसनी हवी आहे. आमच्या घरच्या छत्र्यांच्या काड्या मोडल्या आहेत. आता उन्हाळ्याच्या तोंडावर या माणसाला माझीच छत्री का सुचली, असं आपल्या मनात येणं साहजिक आहे. ते नीट समजावं म्हणून जरा मागून सुरुवात करतो. आपल्याला मागून सुरुवात केलेली आवडते, हे मला लग्नातल्या भाषणावरून ठाऊक आहे.

माझ्या पापण्या गेली काही वर्षं खाली उतरत होत्या. एकदम उतरल्या असत्या तर लक्षात आलं असतं. कालव्याचं पाणी उतरतं तशा त्या उतरल्या, रोज बघणाऱ्याला काहीच कळत नाही आणि एक दिवस तळ दिसतो. दिसायला अडचण व्हायला लागली तशी मी नकळत मान वर करून बघायला लागलो. हनुवटी पुढे, नाक आभाळाकडे आणि पापणीखाली उरलेल्या फटीतून समोरचा माणूस. तांड्यात बोलवा झाली की देविदासला पेन्शन सुरू झाल्यापासून माज आला. मान खाली घेतली की डोळे मिटलेले दिसत, मग बोलवा व्हायची की देविदास झोपला. नोकरीच्या शेवटी शेवटी साहेब माझ्या टेबलासमोर येऊन खाकरायचे. मी जागाच असायचो. (बहुतेक वेळा.) म्हणजे मान वर केली तर माजोरडा आणि खाली केली तर झोपाळू. मधे नेमकी कुठे धरायची ते कुणी सांगेना. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. मी चष्मे बदलत राहिलो, आणि प्रत्येक नव्या चष्म्यातून मला माझ्याच पापण्या आधीपेक्षा स्वच्छ दिसत राहिल्या.

आता लग्नाचं. हा विषय आपल्याला नको असेल, पण छत्रीसाठी तो लागतो. मांडवात आपण बोलायला उभे राहिलात. लदेणीच्या बैलांवरून मीठ आणि धान्य वाहणाऱ्या पूर्वजांपासून आपण सुरुवात केलीत. मी पहिल्या रांगेत, आपल्या अगदी समोर बसलो होतो, मान खाली घालून. त्यातला शब्द न् शब्द मी ऐकला. पुरावा देतो. आपल्या पणजोबांचा म्होरक्या बैल पूर्णेच्या पुरात सगळ्यांच्या आधी उतरला, अंधार होता, आणि त्याच्या गळ्यातल्या घंटेच्या आवाजावर बाकीचे बैल मागोमाग पार झाले. बरोबर आहे ना? झोपलेल्या माणसाला अशी घंटा ऐकू येत नाही. पण मांडवाला काय दिसलं? मुलीचा बाप डोळे मिटून बसलाय. भाषण संपवून आपण माझ्याजवळ आलात. आपला चेहरा नीट दिसावा म्हणून मी मान वर केली, नेहमीसारखी, नाक आभाळाकडे करून. तेव्हा आपण चारचौघांत म्हणालात, “माझ्या बोलण्यात झोपला, आन आता बघतो बी असा, जसा मी ह्याच्या दारात मागायला आलो.” आणि पानसुपारीचं ताट तसंच ठेवून आपण जीपमध्ये जाऊन बसलात. तेव्हापासून आपला पाय या तांड्याला लागला नाही. मला त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. पण खुलासा काय करणार, मी तसा का बघतो हे तेव्हा माझं मलाच माहीत नव्हतं.

ते कळलं नातवामुळे. निताला दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी आईनं लेकरू माझ्या हातात दिलं. मी दोन्ही हात पुढे करून घेतलं, आणि मला ते दिसेना. मान वर केली तर घराचं आढं दिसायचं. बोटानं पापणी उचलावी तर लेकरू एका हातावर यायचं, आणि ते इतकं नवं होतं की त्याला दोन्ही हात लागत होते. मी तसाच उभा. शेवटी निताची आई चंदाबाई माझ्या मागं येऊन उभी राहिली आणि तिनं तिच्या दोन बोटांनी माझ्या दोन पापण्या वर धरल्या. असा मी पहिल्यांदा आपला नातू पाहिला. मला रडू आलं, आणि पापण्या धरलेल्या असल्यामुळे ते लपवताही आलं नाही. चंदाबाई म्हणाली, “लेकरू मोठं होऊन राहिलं आन मी काय जलमभर तुमच्या मागं उभी राहू?” दुसऱ्या आठवड्यात तिनं मला नांदेडला नेलं.

ऑपरेशनचं फार लिहीत नाही, आपल्याला रक्ताचं ऐकवत नाही हे सुदामनी सांगितलंय. डॉक्टरीणबाई वयानं निताएवढ्या, पण हात स्थिर. पापणीचा जास्तीचा पदर काढला, आतली दोरी आखडली आणि बारीक टाके घातले. मग मला आणि चंदाबाईला समोर बसवून ऊन या एका विषयावर त्या जेवढं बोलल्या, तेवढं माझ्याशी माझ्या खात्यानं पाण्यावर कधी बोललं नसेल. अंगातली सगळ्यात पातळ कातडी पापणीची असते. टाक्यांवरची नवी कातडी उन्हात काळी पडते आणि पडलेला डाग सहजी जात नाही. तेव्हा काही महिने भर दुपारचं बाहेर पडायचं नाही. पडावंच लागलं तर रुंद काठाची टोपी, बाजूनंही झाकणारा काळा गॉगल, आणि जखम पूर्ण भरल्यावर त्या सांगतील तेव्हा उन्हाची क्रीम, तीही डोळ्यात जाऊ न देता. हळद नाही, तूप नाही, घरातलं काही म्हणून लावायचं नाही. (हे सांगताना त्या फक्त चंदाबाईकडे बघत होत्या.) मी म्हणालो की आमचे वाडवडील बैलांमागे उन्हातच जन्माला आले आणि उन्हातच म्हातारे झाले. त्या म्हणाल्या, त्यांच्या पापण्यांना टाके नव्हते.

आता अडचण अशी की दुपारच्या वेळी मला आमच्या तांड्याच्या फाट्यावर काही किरकोळ कामं असतात. चहापत्ती, पेपर, मोबाइलचं रिचार्ज, असं काहीबाही. कामं वेळ बघून येत नाहीत. (योगायोगानं तुमच्याकडची दुपारची गाडी त्याच सुमाराला येते, त्यामुळे फाट्यावर थोडी वर्दळही असते. माणसाला वर्दळ बरी वाटते.) म्हणून टोपी घेणं आलं.

रुंद काठाच्या टोपीसाठी मी औंढ्याच्या बाजारात देवळापासून बसस्टँडपर्यंत सगळी दुकानं पाहिली. गांधी टोपीला काठ नाही. लेकरांच्या टोप्यांना काठ आहे, पण त्यांत माझं डोकं मावत नाही. अख्ख्या औंढ्यात एकच टोपी डॉक्टरांच्या मापाची निघाली, गवती, चांगली सुपाएवढी, आणि तिला गुलाबी फीत. दुकानदार म्हणाला, सहलीला आलेल्या मॅडम लोक घेतात. मी घेतली आणि घरी येऊन पहिल्यांदा ती फीत उसवून टाकली, कारण माझ्या मिशांचा काही तरी मान राखायला हवा होता. ती फीत हनुवटीखाली बांधायची असते हे मला कालव्याच्या पुलावर कळलं. धरणावरून वारा आला आणि टोपी उडून कालव्यात पडली. सध्या उन्हाळी पिकांसाठी पाण्याची पाळी सुटलेली आहे, पाणी जोरात. मी काठानं थोडा पळालो, पण पळायचीही मनाई होती. घरी पोचतो तर लखमाचा फोन. लखमा म्हणजे कालव्याच्या गेटावरचा माणूस, माझ्या हाताखाली होता. म्हणाला, साहेब, तुमची टोपी आत्ता गेटाखालून गेली. मग पुढच्या गेटावरून फोन, मग त्याच्या पुढच्या. व्याहीबुवा, मी नोकरीत असताना पाणी कुठवर पोचलं हे विचारून विचारून माझा घसा बसायचा आणि एकजण सरळ सांगत नसे. टोपीची मात्र अर्ध्या अर्ध्या तासाला खबर येत होती. शेवटी ती एका चारीतून भुईमुगाच्या शेतात शिरली आणि आता तिथल्या बुजगावण्याच्या डोक्यावर आहे. पाखरं फिरकत नाहीत म्हणतात.

टोपी गेली म्हणून नुसत्या गॉगलवर आलो. हा गॉगल साधा नाही, कानापर्यंत झाकतो, आतून माणूस कुठं बघतोय ते देवालाही कळणार नाही. दुसरी टोपी मिळते का बघायला पुन्हा औंढ्याला गेलो आणि देवळाजवळ एका पायरीवर सावलीत टेकलो. हातात आईची काठी होती, कुत्र्यांसाठी. जरा वेळानं पाहतो तर माझ्या मांडीवर केळी. कोण भाविक ठेवून गेला कळलंही नाही. मी उठून परत द्यायला निघालो, तोवर आमच्या तांड्यातले सटवाजी कुठूनसे आले, माझा हात धरला आणि मला रस्ता ओलांडून दिला. मला रस्ता ओलांडायचा नव्हता. पण म्हाताऱ्या माणसाचा उत्साह बघून मी ओलांडला. ते आपल्या वाटेनं गेल्यावर मी गाड्या चुकवत एकटाच परत आलो, तर पायऱ्यांवर बसलेल्या बायांनी हात जोडले आणि नागनाथ पावला म्हणाल्या. केळी मी त्यांनाच वाटून टाकली. आता औंढ्याला जायची सोय राहिली नाही, निदान गॉगल काढेपर्यंत.

मग जखम भरली आणि डॉक्टरीणबाईंनी क्रीम लावायची परवानगी दिली. मी ती पहिल्या दिवशी घराला चुना देतात तशी दिली. घाम आला, क्रीम उतरली आणि नेमकं व्हायला नको होतं ते झालं, दोन्ही डोळ्यांत गेली. मी आंधळ्यासारखा चाचपडत घरात शिरलो, पांढरं तोंड, लाल डोळे, वाहणारं नाक. शेळीनं दावं तोडलं. निताच्या मांडीवर नातू होता, त्यानं माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि तो हसला. व्याहीबुवा, हे त्याचं पहिलं हसू. मला दिसलं. कुणी मागं उभं राहून पापण्या न धरता दिसलं. तेव्हापासून मी क्रीम मटराच्या दाण्याएवढीच लावतो, डोळ्यापासून अंतर राखून, पण सकाळी एकदा त्याच्यासमोर जाऊन लावतो.

आता शेवटची गोष्ट, जिच्यावरून मला दवाखान्यात पुन्हा उभं राहावं लागलं. माझी ही सगळी त्रेधा बघून आईनं तिची जुनी पेटी उघडली आणि लग्नातली ओढणी काढली. आपल्या बायांच्या ओढण्या आपल्याला ठाऊकच आहेत, काठाला कवड्या आणि कपाळावर येतो त्या भागाला आरसेच आरसे. आई म्हणाली, “हिच्याखाली मी उन्हातान्हात जिनगानी काढली. घे डोक्यावर, ऊन तुला शिवायचं न्हाई.” डॉक्टरांचा शब्द मोडवत नव्हता आणि आईचाही मोडवत नव्हता. डॉक्टरांनी झाका म्हटलं होतं, आरशाचं काही बोलल्या नव्हत्या. मी ओढणी घेतली, कपाळावरून चांगली पुढं ओढली, आणि फाट्यावरच्या लिंबापासून जरा अलीकडे, जिथून रस्ता लांबवर दिसतो तिथं जाऊन बसलो. (पेपर यायचा होता.)

गाडी वळणावर आली आणि आरशांवर ऊन पडलं. ड्रायव्हरच्या डोळ्यांपुढं काय चमकलं असेल देव जाणे, त्यानं स्टॉपच्या कितीतरी आधी कचकन ब्रेक मारला. कंडक्टर खाली उतरला. भला माणूस, माझ्याजवळ येऊन अदबीनं म्हणाला, “बाई, गाडी थांबवायची तर हात करावं माणसानं.” मी ओढणी वर केली. त्यानं माझ्या मिशांकडे पाहिलं, मग गॉगलकडे पाहिलं, आणि परत गाडीत जाऊन घंटी मारली. तोवर उतरायचे ते प्रवासी तिथंच उतरून घेत होते. मी एकेकाचं तोंड नीट पाहिलं. आपल्या ओळखीचं त्यात कुणी नव्हतं.

घरी येऊन बघतो तर दोन्ही पापण्या लालबुंद. वरून येणारं ऊन ओढणीनं अडवलं होतं यात शंका नाही. पण ओढणी मी बाईमाणसासारखी नीट घेतली नव्हती, काठ आत मुडपला होता, आणि आतल्या बाजूला वळलेली आरशांची ती एक ओळ डांबरावरचं ऊन गोळा करून गॉगलच्या वरून बराबर टाक्यांवर टाकत होती. एका सूर्यापासून वाचलो आणि वीस-पंचवीस लहान सूर्य कपाळावर घेऊन बसलो. डॉक्टरीणबाईंनी आधी ओढणीचा फोटो मागून घेतला, तो डोळे भरून पाहिला आणि मग मला रागावल्या. म्हणाल्या, यावेळी थोडक्यात निभावलंय, पुन्हा असं झालं तर काळे पट्टे राहतील. मला पट्ट्यांचं तसं काही नाही, या वयात मला कोण बघायला येणार आहे. पण काही माणसं अशी असतात की त्यांच्यासमोर एकदा तरी स्वच्छ चेहऱ्यानं उभं राहावंसं वाटतं. तेव्हापासून मी दुपारचा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. एकदम बंद.

तर छत्रीची गरज ही अशी आहे. बाकी सगळं चांगलं चाललंय. मान आता सरळ राहते. सकाळी धरणावर जातो तेव्हा पाण्यापलीकडचा काठ दिसतो, काठावरच्या होड्या दिसतात, आणि त्यात काय मोठंसं, असं पूर्वी मला वाटलं असतं. नातू आपल्यावर गेलाय. रागावला की कपाळाच्या मध्यभागी एक शीर उभी राहते, ती थेट आपली. मांडवात मी ती पाहिली होती, फटीतून का होईना. विहीणबाईंना नमस्कार, सुदामना आशीर्वाद, कालवडीला गूळ.

आपला नम्र,
देविदास राठोड

ता. क. छत्री टपालानं पाठवू नये, मूठ तुटेल. इकडे येणाऱ्या कुणाबरोबर पाठवावी.

ता. क. (दुसरा) इकडे येणारं विश्वासाचं कुणी नसेल तर आपणच घेऊन यावी. आणि येणारच आहात तर एक आठवण करून देतो, होळी जवळ आली आहे. या वर्षी जन्मलेल्या पोरांचा धुंडीचा विधी होळीला होतो आणि तो बापाच्याच तांड्यावर व्हायचा, हे मी आपल्याला काय सांगावं. सुदाम म्हणतात मी नेतो दोघांना. ते नेतीलही. पण तुमच्या पणजोबांच्या घरात पहिलं नातवंड आजोळाहून आजोबाच घेऊन येतो, हे आपण भाषणात सांगितलं होतं, बैलाच्या गोष्टीच्या नंतर लगेच. मी जागा होतो.

ता. क. (तिसरा) शक्य झाल्यास संध्याकाळच्या गाडीनं यावं. दुपारी आलात तर मला गॉगल घालून सामोरं यावं लागेल, आणि व्याह्यासमोर काळा गॉगल म्हणजे आपण पुन्हा त्याच जीपमध्ये बसाल. उन्हं कलली की मला गॉगल लागत नाही. फाट्यावर येईन आणि आपल्याकडे सरळ बघेन. तेवढ्यासाठी ऑपरेशन केलं असं नाही, पण तेवढ्यासाठीही केलं.

इवाईबुवा, खालचं मी लिहून राहिले, चंदाबाई, निताची आई. सातवी शिकल्याली हाय, म्हणून वाचता आलं. ह्यांनी लिहिलं ते समदं खरं हाय, किरकोळ कामं सोडून. फाट्यावर ह्यांचं एकबी काम न्हाई. चहापत्ती मी बाजारातून आणते आन पेपर पोरगं घरी टाकून जातं. दुपारची गाडी तुमच्याकडून येते म्हणून जातात. निता बाळंत झाली तवापासून जाऊन राहिले. तुमी उतरले आन सामोरं कोणी न्हाई असं व्हायला नको म्हणतात, एकदा तुमी तसेच गेले तेवढं बस. टोपी काहून, गॉगल काहून, सासूबाईची ओढणी काहून, समदं त्या गाडीपायी. डॉक्टरीणबाई रागावल्या तवा चार दिस घरी बसले. पाचव्या दिशी पुन्हा सुरू. छत्रीचं मनावर घेऊ नका, घरात धड छत्र्या दोन हायत. छत्री धरली की गाडीचं दार दिसत न्हाई म्हणतात.

निताची पेटी भरून ठेवली हाय, लेकराचं अंगडं-टोपडं वरच ठेवलं. तुमी या. कोणत्या बी गाडीनं या. यायचं नसंल तर तसं तरी कळवा, म्हंजी ह्या माणसाला मला सावलीत बसवता येईल.

हे लिहायला मला येळ कसा भेटला ते सांगते. पत्र पेटीत टाकून येतो म्हणून ते आत्ता भर उन्हात फाट्यावर गेले. पत्र हितंच खाटेवर राहिलं.